सेनापती कोणाचे? नदी राखणाऱ्यांच्या सन्मानाचा इतिहास

अशक्यप्राय काम नेटाने तडीस नेण्याला मराठीत ‘भगीरथ प्रयत्न’ म्हणतात. नदी आणणाऱ्याचा गौरव भाषेने असा आपल्या रोजच्या बोलण्यात साठवून ठेवला आहे. नदीकाठी घाट बांधणाऱ्यांनाही आपण विसरलेलो नाही. महेश्वरचा घाट पाहिला की अहिल्याबाई होळकरांचे नाव आपोआप ओठांवर येते. नदीला प्रदक्षिणा घालणाऱ्यासाठी ‘परिक्रमावासी’ असा आदराचा शब्द आहे. नदीची स्तुती करणाऱ्यांची परंपरा तर जगन्नाथ पंडिताच्या ‘गंगालहरी’पासून काकासाहेब कालेलकरांच्या ‘लोकमाता’पर्यंत सांगता येते. मात्र नदी राखणाऱ्याला काय म्हणावे, हे आपल्या भाषेने ठरवलेले नाही. आपण शेताची राखण करतो, कुरण राखतो, देवराई राखतो. नदी राखावी लागते, ही कल्पनाच आपल्याकडे उशिरा आली. नदी ही वाहणारच, तिला कोण थांबवणार, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री होती.

ही खात्री महाराष्ट्रात पहिल्यांदा ढळली ती मुळशीला. म्हणून नदी राखणाऱ्यांचा सन्मान समाज कसा करतो आणि त्या सन्मानात नेमके काय निसटते, याचा विचार आम्ही तेथूनच सुरू करीत आहोत.

मुळशी, १९२१

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा प्रचंड पाऊस धरणांत अडवायचा, ते पाणी घाटमाथ्यावरून कोकणात सोडायचे आणि त्या उतारावर वीज करायची, अशी टाटांची योजना होती. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथील तलावांच्या पाण्यावर खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले. पुढचा टप्पा मुळशी पेट्यातील निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळचा होता. योजनेमागील दृष्टी क्षुद्र नव्हती, हेही येथे नोंदवले पाहिजे. दगडी कोळशाच्या धुरातून मुंबईची सुटका होणार होती, आणि हे भांडवल व हे कर्तृत्व देशी होते. स्वदेशीच्या त्या काळात या गोष्टीला मोठे मोल होते.

तथापि या धरणाखाली पन्नासच्या आसपास गावे जाणार होती. मावळातील भातखाचरे जाणार होती. जमीन संपादनासाठी १८९४ चा कायदा वापरला गेला. सरकारने आपल्या अधिकाराने जमीन घ्यायची आणि ती खाजगी कंपनीला द्यायची, असा हा व्यवहार होता. जमिनी रीतसर ताब्यात येण्यापूर्वीच चाचणीचे खड्डे खणले जाऊ लागले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे बांधकामाच्या जागी जाऊन बसले. स्त्रियाही त्यांत होत्या. काम थांबले. महात्मा गांधींनीही त्या वर्षी या प्रश्नाची दखल घेऊन टाटांना आवाहन केले.

मुळशीची घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. तिच्यात नदीचे नाव नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. तेव्हा मुळशीला नदीरक्षणाचा लढा म्हणणे हा आजच्या कल्पनांचा भूतकाळावर आरोप नव्हे काय, असा प्रश्न कोणीही विचारील, आणि तो रास्त आहे. आमचे म्हणणे एवढेच, की मावळच्या शेतकऱ्याला नदी आणि जमीन या दोन वेगळ्या वस्तू नव्हत्या. खाचराची माती नदीने आणलेली, गावठाण नदीच्या आधाराने वसलेले, देवाचे ठाणे नदीच्या काठी. नदी अडवली की हे सर्व एकाच वेळी जाते. शिवाय मुळशीला नुसती नदी अडवली गेली नाही, तिची दिशाच बदलली. पूर्वेकडे वाहत जाऊन भीमेला मिळणाऱ्या मुळेच्या उगमाजवळचे हे पाणी भिरा येथील वीजघरातून कुंडलिका नदीत उतरू लागले आणि पश्चिम समुद्राला जाऊ लागले. बंगालच्या उपसागराला जाणारे पाणी अरबी समुद्राला वळवणे, हे खरोखरच भगीरथ कर्तृत्व होते. त्याची किंमत कोणी मोजायची, हाच काय तो वाद होता.

या लढ्याची चौकट सरळ नव्हती. पुण्यातील पुढारी त्यात उतरले. विनायकराव भुस्कुटे यांनी मावळात राहून तो उभा केला. पण मावळातल्या पुष्कळ जमिनी सावकारांकडे गहाण होत्या किंवा त्यांच्या नावावर गेल्या होत्या. कसणारा मावळ्याला जमीन हवी होती आणि कागदावरच्या मालकाला मोबदला चालणार होता. नुकसानभरपाईचा दर वाढवून घेऊन तडजोड करावी, असे म्हणणारा एक पक्ष पुण्यात होताच. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो सविस्तर अभ्यास केला, त्यात ही दुफळी ठळकपणे पुढे येते. बाहेरून आलेल्या दडपशाहीइतकीच ही आतली फूट मुळशीच्या पराभवाला कारण झाली, असे आमचे मत आहे.

पांडुरंग महादेव बापट या लढ्यात आले तेव्हा चाळिशीत होते. पारनेरला जन्म, डेक्कन कॉलेजात आणि पुढे एडिंबरोला शिक्षण, पॅरिसमध्ये बाँबची विद्या, मग भूमिगत जीवन, असा त्यांचा पूर्वेतिहास होता. मुळशीत त्यांना वारंवार तुरुंगवास घडला. लढा ओसरला, माणसे पांगली, तरी ते मागे हटले नाहीत. १९२४ च्या डिसेंबरात त्यांनी धरणाच्या कामाची रेल्वेगाडी रोखली, शस्त्र हाती घेतले आणि सात वर्षांची शिक्षा पत्करली. त्यांच्या ‘शुद्ध सत्याग्रहा’च्या कल्पनेत अहिंसेचा अर्थ गांधीजींपेक्षा वेगळा होता आणि तो सर्वांना पटणे शक्यही नव्हते. ते १९३१ साली सुटले. दरम्यान, १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले होते.

पदवी आणि पाटी

बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. आमच्या विवेचनाचा हा कळीचा मुद्दा आहे. सेनापती म्हटले की कोणाचे सेनापती, हा प्रश्न ओघाने येतो. उत्तर आहे, मुळशीच्या मावळ्यांचे. परंतु गेल्या शंभर वर्षांत पदवी नावाला इतकी चिकटली, की ती जणू जन्मनावाचाच भाग झाली आणि तिचा संदर्भ गळून पडला. पदव्युत्तर वर्गात ‘सेनापती बापट हे कोणत्या सेनेचे सेनापती?’ असा प्रश्न आम्ही अधूनमधून विचारतो. सशस्त्र क्रांतिकारकांच्या, असे उत्तर बहुधा येते. कोणी गोवा मुक्तिसंग्रामाचे नाव घेते. मुळशीचे नाव क्वचितच ऐकू येते.

पुण्यात सेनापती बापट रस्ता आहे, मुंबईत सेनापती बापट मार्ग आहे. मुंबईतला हा मार्ग माहीमकडून दादरवरून लोअर परळला जातो, लोहमार्गाला लगटून आणि एके काळच्या गिरण्यांच्या आवारांना खेटून. सह्याद्रीच्या पाण्यावर झालेली वीज ज्या गिरणगावासाठी आली, त्याच गिरणगावातल्या रस्त्याला त्या धरणाविरुद्ध लढलेल्या माणसाचे नाव दिले गेले. हा योगायोग कोणी मुद्दाम घडवलेला नाही. पण सन्मान कसा काम करतो, याचे याहून नेमके उदाहरण आम्हांला माहीत नाही. माणसाला उचलून घ्यायचे, त्याचे नाव मोठ्या अक्षरांत लिहायचे आणि त्याच्या हातातली मागणी मात्र तेथेच ठेवून द्यायची.

येथे आणखी एक गोष्ट घडते. सेनापतीला पाटी मिळाली, सेनेला मिळाली नाही. मुळशीच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेले मावळे आणि मावळातील स्त्रिया आपल्या सामाईक स्मरणात नाहीत. भुस्कुट्यांनी ‘मुळशी सत्याग्रह’ हे पुस्तक लिहून ठेवले म्हणून पुढच्या अभ्यासकांना वाट सापडली. ते पुस्तक किती महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत आहे, हे ज्याने त्याने आपल्यापुरते पाहावे.

साहित्यातला नायकपालट

स्वातंत्र्यानंतर धरण हे नवनिर्मितीचे प्रतीक झाले. गो. नी. दांडेकरांनी भाक्रा-नांगल धरणावर ‘आम्ही भगीरथाचे पुत्र’ ही कादंबरी लिहिली. तिच्या नावातच नायक कोण ते सांगितले आहे. याच दांडेकरांनी नर्मदा परिक्रमेच्या अनुभवातून ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ लिहिली. नदीवर नितांत श्रद्धा असलेला हा लेखक धरणाच्याही मोहात पडला, यात आम्हांला विसंगती दिसत नाही. त्या काळाची श्रद्धाच तशी होती. नदी पूज्य होती आणि तिला कामाला लावणारा माणूसही पूज्य होता. उठून जाणारा माणूस या चित्रात कोठे बसवावा, हे अजून ठरायचे होते.

तो माणूस प्रथम दिसला समाजशास्त्राला. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणाच्या विस्थापितांची पाहणी केली; ती १९६९ साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केली. ‘युगान्त’ सर्व जण वाचतात. त्याच लेखणीने कोयनेच्या उठलेल्या गावांचाही हिशेब मांडला होता, हे मात्र विद्यार्थ्यांना सांगावे लागते. कादंबरीला हा माणूस सापडायला १९९१ साल उजाडले. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ने धरणग्रस्तांना मध्यभागी आणले आणि १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कारही मिळवला. भगीरथाच्या पुत्रांपासून धरणग्रस्तांपर्यंतचा हा प्रवास म्हणजे मराठी कादंबरीतला एक मोठा नायकपालट आहे. मुळशी १९२१ साली झाली. तिने मांडलेला प्रश्न मराठी साहित्याच्या केंद्रस्थानी यायला सत्तर वर्षे लागली.

नर्मदा: सन्मान नाकारण्याचाही एक सन्मान

‘झाडाझडती’ प्रसिद्ध झाली तेव्हा सातपुड्यात नर्मदेचा लढा ऐन भरात होता. १९८० च्या दशकाच्या मध्यावर मेधा पाटकर नर्मदा खोऱ्यात गेल्या. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या महाराष्ट्रातील गावांत अक्कलकुवा तालुक्यातले मणिबेली अगदी आघाडीवर होते; तेव्हा तो धुळे जिल्हा होता, १९९८ पासून नंदुरबार. मुळशीच्या घोषणेत नसलेले नदीचे नाव या आंदोलनाच्या नावातच आले. जमिनीसाठीची लढाई आणि नदीसाठीची लढाई एकच आहे, हे येथे प्रथमच उघडपणे उच्चारले गेले.

१९९० साली बाबा आमटे आनंदवन सोडून नर्मदाकाठी कसरावद येथे राहायला गेले. वय पंचाहत्तरीचे, पाठीच्या व्याधीमुळे बसणेही अशक्य. कुष्ठसेवेसाठी देशाने आणि जगाने त्यांच्यावर सन्मानांचा वर्षाव केला होता. नर्मदेच्या प्रश्नावर त्यांनी पद्म पुरस्कार शासनाला परत केले. सेवेचा सन्मान करणारा समाज आणि शासन विरोधाचा सन्मान करायला तयार नसतात, हे त्यांनी या एका कृतीने दाखवून दिले. कुष्ठरोग्याच्या जखमा धुणारे बाबा सर्वांना हवे होते. नदीकाठी बसून धरणाला विरोध करणारे बाबा मात्र अनेकांना अडचणीचे वाटले. माणूस एकच होता आणि करुणाही एकच होती.

परदेशातून मान आला. १९९१ साली बाबा आमटे, मेधा पाटकर आणि नर्मदा बचाओ आंदोलन यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. १९९२ साली मोर्स समितीने प्रकल्पाच्या पुनर्वसनावर आणि पर्यावरणीय तयारीवर कठोर ताशेरे ओढले, आणि १९९३ साली जागतिक बँकेच्या कर्जाचा उरलेला भाग रद्द झाला. त्याच १९९३ साली धुळे जिल्ह्यात पोलिसांच्या गोळीबारात रेहमल वसावे हा आदिवासी मुलगा मारला गेला. नर्मदेवरील पुरस्कारांची यादी करताना हे नाव त्या यादीशेजारी लिहिले जावे, असे आम्हांला वाटते.

१८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने धरणाचे काम पुढे नेण्यास परवानगी दिली. न्यायमूर्ती भरुचा यांचे मत वेगळे होते. १३८.६८ मीटर उंचीचे धरण पूर्ण होऊन १७ सप्टेंबर २०१७ रोजी त्याचे लोकार्पण झाले. कच्छ-सौराष्ट्राला पाणी मिळाले, हे सत्य आहे. पुनर्वसनाच्या तक्रारी उरल्या, हेही सत्य आहे. लढा हरला असे म्हणणाऱ्यांना आम्ही एवढेच सुचवू, की ‘जमिनीच्या बदल्यात जमीन’ हे नर्मदा लवादाने १९७९ साली कागदावर लिहिलेले तत्त्व ज्या कुटुंबांच्या बाबतीत प्रत्यक्षात उतरले, ते कोणाच्या रेट्यामुळे उतरले, हे तपासावे. आणि सातपुड्याच्या पाड्यांवर आंदोलनाने उभ्या केलेल्या जीवनशाळांत किती मुले शिकली, तेही पाहावे.

गंगेचे दोन उपोषणकर्ते

जिला सर्वांत अधिक पूज्य मानतो, त्या गंगेची राखण करणाऱ्यांना तरी आपण निराळी वागणूक देतो काय? हरिद्वारच्या मातृसदन आश्रमातील स्वामी निगमानंद गंगेच्या पात्रातील खाणकाम आणि खडी-क्रशर यांच्या विरोधात १९ फेब्रुवारी २०११ पासून उपोषणाला बसले. १३ जून २०११ रोजी देहरादूनजवळच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्याच सुमारास त्याच रुग्णालयात एका प्रसिद्ध योगगुरूंवर उपचार चालू होते आणि वार्ताहरांची गर्दी तिकडे होती. निगमानंदांचे नाव देशाला कळले ते त्यांच्या मृत्यूनंतर.

दुसरे प्रा. गुरुदास अग्रवाल. रुरकीला शिक्षण, बर्कलीची पीएच.डी., आयआयटी कानपूरमध्ये अध्यापन, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पहिले सदस्य-सचिव. भागीरथीवरील जलविद्युत प्रकल्पांविरुद्ध त्यांनी वारंवार उपोषणे केली. २०१० साली लोहारीनाग-पाला प्रकल्प रद्द झाला आणि २०१२ साली गोमुख ते उत्तरकाशी हा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाला, यामागे या वृद्ध अभियंत्याचा मोठा वाटा होता. २०११ साली संन्यास घेऊन ते स्वामी ज्ञानस्वरूप सानंद झाले. नदीचा प्रवाह अविरल असावा या मागणीसाठी २२ जून २०१८ रोजी सुरू केलेल्या उपोषणाच्या १११ व्या दिवशी, ११ ऑक्टोबर २०१८ रोजी, त्यांनी प्राण सोडला. त्यांनी देहदान केले होते.

ज्या नदीची आरती रोज होते, तिच्यासाठी हे दोन मृत्यू झाले. श्रद्धांजल्या वाहिल्या गेल्या. पण श्रद्धांजली आणि मागणी यांतले अंतर मुळशीपासून आजवर फारसे घटलेले नाही.

मग सन्मान कशाला म्हणावे?

पाटी, पदवी, पुरस्कार आणि पुतळा ही सर्व व्यर्थ आहेत, असे आमचे म्हणणे नाही. पाटी नसती तर आम्हांला वर्गात प्रश्नही विचारता आला नसता. पण याहून सकस सन्मानाची निदान दोन उदाहरणे इतिहासात आहेत.

पहिले राजस्थानातील अलवर जिल्ह्याचे. तेथे राजेंद्र सिंह आणि तरुण भारत संघ यांच्या साथीने गावकऱ्यांनी जोहड, म्हणजे मातीचे छोटे बंधारे, बांधले आणि कोरडी पडलेली अरवरी नदी पुन्हा वाहू लागली. नदी वाहू लागताच तिच्यातील मासेमारीचा ठेका देण्याचा प्रयत्न झाला. नदीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न मग गावांपुढे उभा राहिला, आणि १९९९ साली सुमारे ७० गावांची अरवरी संसद स्थापन झाली. उसासारखे पाणी पिणारे पीक घेऊ नये, असे नियम तिने स्वतःच स्वतःला घालून घेतले. राजेंद्र सिंहांना २००१ साली मॅगसेसे आणि २०१५ साली स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. पण आम्हांला अधिक मोलाचा वाटतो तो मार्च २००० मधला प्रसंग. त्या वेळी राष्ट्रपती के. आर. नारायणन भांवता-कोल्याला या गावाला पुरस्कार देण्यासाठी त्या परिसरात स्वतः गेले. तो पुरस्कार एका व्यक्तीचा नव्हता, गावाचा होता. सन्मान घ्यायला दिल्लीला जावे लागले नाही, सन्मानच नदीकाठी आला.

दुसरे उदाहरण आपल्या घरचेच आहे, आणि ते कोणी सन्मान म्हणून ओळखत नाही. ज्या १८९४ च्या कायद्याने मुळशीची जमीन घेतली, तो कायदा २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने रद्द झाला. नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची असेल तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्के कुटुंबांची संमती लागेल, असे तो म्हणतो. त्याला पळवाटा आहेत, राज्याराज्यांत त्याच्या धारा बोथट केल्या गेल्या आहेत, हे आम्ही जाणतो. तरीही मुळशीच्या मावळ्याने १९२१ साली जे मागितले, की आम्हांला विचारल्यावाचून आमची जमीन कंपनीला देऊ नका, ते ब्याण्णव वर्षांनी का होईना कायद्याच्या भाषेत आले. त्या कलमाला कोणाचे नाव नाही. पण सेनापतींना आणि त्यांच्या निनावी सेनेला मिळालेला सर्वांत खरा मान तोच आहे, असे आम्ही मानतो.

भाषेच्या आणि साहित्याच्या शिक्षकांनी यात काय करावे? धरणे आणि नद्या हा आपला विषय नव्हे, असे म्हणून बाजूला होणे सोपे आहे. पण संदर्भ गळून पडलेल्या शब्दाला त्याचा संदर्भ परत मिळवून देणे, हे तर आपलेच काम आहे. ‘सेनापती’ हा असा एक शब्द आहे. ‘आम्ही भगीरथाचे पुत्र’ आणि ‘झाडाझडती’ या कादंबऱ्या एकाच सत्रात शेजारी ठेवून शिकवता येतील. त्यांच्या मध्ये कर्वे-निंबकरांची पाहणी आणि भुस्कुट्यांचे पुस्तक ठेवता येईल. आणि विद्यार्थी ज्या गावाहून येतो, त्या गावच्या नदीसाठी कोण कोर्टात गेले, कोणी वाळूचा उपसा अडवला, कोणी मळीचे पाणी सोडणाऱ्यांविरुद्ध अर्ज केले, त्यांच्या हकीकती त्याने प्रकल्प म्हणून लिहून आणाव्यात, असे सांगता येईल. मुळशीच्या सेनेची नावे वेळीच कोणी अशी लिहून घेतली असती, तर आज आपल्यापाशी केवळ सेनापतीचे नाव उरले नसते.